पिठाचे पंजे

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत, गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, हे आता शाळकरी मुलालाही पाठ असते. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात हा प्रश्न हमखास असतो आणि एका गुणाला उपयोगी पडतो. पण त्या दिवशी तिकीट काढून आत गेलेल्या प्रेक्षकाला हरिश्चंद्राच्या जोडीला आणखी काय काय पाहायला मिळाले, हे त्या पुस्तकात नसते. खेळाच्या जाहिरातीत मात्र ते सगळे छापलेले आहे. मिस आयरीन डेलमार हिचे नृत्य, मॅक्लेमेंट्स नावाच्या मंडळींची विनोदी नक्कल, पायांनी अचाट कसरत करणारा अलेक्झांडर आणि ‘टिप-टॉप कॉमिक्स’ नावाची गंमत. एवढे सगळे एका तिकिटात.

म्हणजे असे पाहा, सत्यासाठी राज्य सोडणारा राजा आपला, त्याची तारामती आपली, स्मशान आपले. आणि त्यांच्या आगेमागे हसवायला आलेले मात्र साहेबी. रडणे स्वदेशी आणि हसणे परदेशी, असा तो हिशेब होता.

हा हिशेब दादासाहेबांना खटकला असावा असे मला वाटते. कारण त्यांच्या पुढच्याच खेळात तो बदललेला दिसतो. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी आपला कारखाना मुंबईहून नाशिकला हलवला आणि तिथे ‘मोहिनी भस्मासुर’ तयार केला. जुन्या नोंदींत त्याचे वर्ष कुठे १९१३ दिलेले आढळते, तर कुठे १९१४. कारण वर्ष सरता सरता तो पुरा झाला आणि १९१४ उजाडल्यावर मुंबईच्या प्रेक्षकांसमोर आला. त्याच्या जोडीला एक छोटा विनोदी चित्रपट होता. त्याचे नाव ‘पिठाचे पंजे’. या वेळी हसवण्यासाठी कुणी मिस डेलमार नको होती. हसूही नाशिकहूनच आले होते.

आपल्या विनोदी चित्रपटांच्या वंशावळीत हे नाव अगदी वरच्या ओळीत येते. पण ‘राजा हरिश्चंद्र’च्या वाट्याला पुतळे, तिकिटे, पुरस्कार आले आणि ‘पिठाचे पंजे’च्या वाट्याला फार तर एखादे अर्धे वाक्य. हे अर्धे वाक्य थोडे लांबवावे, एवढ्यासाठी आजचा हा लेख.

कर्जदाराची चैन

मी बँकेत बत्तीस वर्षे काढली. त्यामुळे कुणाही थोर माणसाचे चरित्र वाचू लागलो की माझे लक्ष नको तिथे जाते. पैसा कुठून आणला, तारण काय दिले, व्याज कुणी भरले, हे प्रश्न आधी सुचतात. दादासाहेबांचे प्रकरण कर्ज विभागाच्या दृष्टीने पाहिले तर अंगावर काटा येतो.

अर्जदार जन्माने त्र्यंबकेश्वरचे, सन १८७० चे. चाळिशी उलटलेली, पदरी लेकरेबाळे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. पुराणवस्तू खात्यातली नोकरी सोडलेली, छपाईच्या धंद्यात भागीदारांशी बिनसलेले. मधल्या काळात जादूचे प्रयोग केलेले, तेही ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने, म्हणजे स्वतःचेच आडनाव उलटे वाचून. कर्जाचे कारण काय, तर पडद्यावर हलणारी चित्रे. तारण म्हणून विम्याच्या पॉलिस्या. पूर्वीचा अनुभव शून्य.

असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी चहा पाजून परत पाठवला असता. पण दादासाहेबांनी कागदपत्रांच्या ऐवजी एक वाटाण्याचे रोप पुढे केले. कुंडीतल्या दाण्याला कोंब फुटून त्याचा वेल कसा होतो, हे त्यांनी थोड्या थोड्या अंतराने एकेक चित्र घेत टिपले होते. ‘अंकुराची वाढ’ ही ती १९१२ सालची फिल्म. महिनाभराची वाढ मिनिटाभरात पाहून फोटोच्या सामानाचे व्यापारी नाडकर्णी यांनी हात सैल सोडला. तारण पाहून कर्ज देणारे पुष्कळ असतात. अंकुर पाहून देणारा एखादाच.

एवढे सगळे करून उभा केलेला हा धंदा. कॅमेरा विलायतेचा, कच्ची फिल्मही विलायतेची. त्या काळच्या वेगाने हजार फुटांचे रीळ साधारण सोळा मिनिटांत संपायचे, आणि त्यातला फूट न् फूट आधी पैसे मोजून आणलेला. अशा माणसाने त्यातली काही फिल्म कापून बाजूला ठेवावी आणि पिठाच्या गमतीवर खर्च करावी, याला आमच्या बँकेच्या भाषेत अनुत्पादक खर्च म्हणतात. पोराच्या फीसाठी घेतलेल्या पैशातून जत्रेत पिपाणी विकत घेण्यासारखे ते आहे.

मग दादासाहेबांनी ते का केले असेल? त्यांना व्यवहार कळत नव्हता असे म्हणावे, तर प्रेक्षक त्यांना फार चांगला कळत होता. ‘राजा हरिश्चंद्र’ची जाहिरात करताना सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र आणि सगळे अवघ्या तीन आण्यांत, असा मापावर भर देणारा हा माणूस. लांबी-रुंदी पाहून माल घेणारे गिऱ्हाईक त्यांनी ओळखले होते. त्यामुळे ‘पिठाचे पंजे’ ही चैन नसून त्यामागे काही हिशेब असणार. तो हिशेब आपल्याकडच्या खेळांच्या जुन्या रिवाजात सापडतो.

देवामागून सोंगाड्या

आपल्या मराठी माणसाला रात्रभर नुसती भक्ती चालत नाही, तशी नुसती चेष्टाही चालत नाही. तमाशात आधी गण होतो, गणपतीला हात जोडले जातात, मग गवळणीत मावशी आणि पेंद्या येऊन लोकांना लोळवतात आणि त्यानंतर वग. कीर्तनकार बुवा आख्यान रंगवताना मध्येच एखादा चुटका सोडतात, पेंगलेली मंडळी खडबडून जागी होतात आणि मग बुवा त्यांना पुन्हा पांडुरंगाकडे नेतात. एकोणिसाव्या शतकात पौराणिक नाटके करणाऱ्या मंडळ्यांनीही हेच केले. देव-दानवांचे मुख्य नाटक संपले की शेवटी एक फार्स. घरी जाताना माणूस हसत गेला पाहिजे, म्हणजे उद्या चार जणांना सांगतो.

आमच्या विदर्भात तर याचे पुरावे पावलोपावली मिळतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती निघतात. रोगराई आणि पीडा घेऊन जा म्हणून काळ्या-पिवळ्या मारबतींना साकडे घालायचे, आणि त्याच मिरवणुकीत ज्या कुणाचा लोकांना वर्षभर राग आला असेल त्याचा बडग्या करून मिरवायचा. साकडे आणि टिंगल एकाच रस्त्याने, एकाच गर्दीतून जातात. कुणाला त्यात विसंगती वाटत नाही.

नोकरीतली काही वर्षे माझी झाडीपट्टीत गेली. दिवाळीनंतर तिकडे गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक असते, ते पहाटेपर्यंत चालते. नाटक कितीही रडके असो, त्यात गमत्या हवाच. दुसऱ्या दिवशी शाखेत पीककर्जाचा हप्ता भरायला आलेल्या शेतकऱ्यांना मी विचारायचो, कसे झाले नाटक? नायिकेचे काय झाले, खलनायकाने किती एकर जमीन लुबाडली, हे कुणी सांगत नसे. गमत्याने काय केले, कुठे पडला, कुणाला काय म्हणाला, हेच सगळे सांगत. आणि सांगता सांगता रांगेतले बाकीचेही हसू लागत. कॅशियर नोटा मोजायचा थांबे. हप्ता भरायला आलेला माणूस हसताना मी फक्त त्याच दिवसांत पाहिला.

दादासाहेबांनी पडद्यासाठी हाच जुना रिवाज उचलला. ‘मोहिनी भस्मासुर’ सव्वातीन हजार फुटांच्या आसपास होता, म्हणजे तासाभराच्या आत संपणारा. संध्याकाळ भरायची तर जोडीला काहीतरी हवे. ते काहीतरी बाहेरून आणण्याऐवजी त्यांनी घरी केले. आपला उद्योग स्वदेशी आहे, आपल्या देशातली माणसे आपल्याच गोष्टी पडद्यावर आणू शकतात, हे ते पुढे ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांतूनही सांगत राहिले. स्वदेशीत कापड येते, साखर येते, तसे हसूही येते. परक्या नकलाकाराच्या टोपीला हसणे निराळे आणि आपल्या घरातल्या पिठाला हसणे निराळे.

पीठच का?

मुक्या पडद्यावरच्या विनोदाला एक अडचण असते. तिथे कोटी चालत नाही, टोमणा चालत नाही, शब्दांची सगळी मिजास बाहेर ठेवून आत यावे लागते. जे काय गमतीचे असेल ते डोळ्यांना दिसले पाहिजे, आणि शेवटच्या बाकावरच्या पोरालाही दिसले पाहिजे. त्या काळच्या फिल्मला रंग तर नव्हतेच, शिवाय लाल रंग तिला काळाच दिसायचा. बाईच्या कपाळावरचे कुंकू पडद्यावर काळे ठिपके होऊन उमटायचे. अशा फिल्मला पांढऱ्याशुभ्र पिठाइतकी सोयीची वस्तू दुसरी कोणती? पिठाने माखलेला हात काळ्या कोटावर पडला, की त्याची खूण लपता लपत नाही. कोण कुठे गेला, कुणाला हात लावून आला, हे बोलण्याची गरजच उरत नाही. ‘पिठाचे पंजे’ या दोन शब्दांतच गमतीची जात कळते.

शिवाय पीठ घरोघरी. मोहिनीची वस्त्रे आणि शंकराचा व्याघ्रांबर पाहायला थेटरात यावे लागते, पीठ मात्र प्रत्येकाने सकाळीच पाहिलेले असते. जात्याशेजारी बसलेली आई, परातीत हात घालणारे पोर, आणि मग ते हात नको तिथे पुसलेले, हे कुठल्या घरात घडले नाही? दिवाळीला तांदळाच्या पिठाने उमटवलेली लक्ष्मीची पावलेही त्याच डब्यातल्या पिठाची. ज्या पिठाने देवाला वाट दाखवायची, त्याच पिठाने फजितीही करायची.

आणि फाळक्यांच्या घरात तर चित्रपट आणि पीठ यांची गाठ रोजचीच होती. सरस्वतीबाई फाळके यांच्याविषयी आपल्याकडे फार कमी लिहिले जाते. फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे काम त्या करीत, फिल्म धुण्यात मदत करीत, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात तासन् तास पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, म्हणजे उजेड परावर्तित होऊन पात्रांच्या तोंडावर पडे. आणि हे सगळे करून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. साठ-सत्तर माणसांच्या पोळ्या-भाकऱ्यांना रोज किती पीठ लागत असेल, याचा हिशेब घरातल्या बायकांनीच करावा. दागिने गहाण पडले, तेही त्यांचेच. आपला पहिला चित्रपट कारखाना चालत होता तो असा, निम्मा कॅमेऱ्यावर आणि निम्मा चुलीवर. त्या कारखान्यातून निघालेल्या गमतीच्या नावात पीठ असावे, हे मला तरी अगदी न्याय्य वाटते.

त्याच खेळाची आणखी एक नवलाई होती. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम साळुंके नावाच्या एका पुरुषाने केले होते, ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात तो काम करायचा. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी. दोघी रघुनाथराव गोखले यांच्या चित्ताकर्षक नाटक कंपनीतल्या. कमलाबाई तेव्हा अवघ्या तेरा-चौदा वर्षांच्या. पुढे त्या कमलाबाई गोखले झाल्या, चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू. म्हणजे एकाच संध्याकाळी मुंबईच्या प्रेक्षकाने दोन गोष्टी पाहिल्या. पडद्यावर खरीखुरी बाई आणि पडद्यावर घरची गंमत. पुरुषांनी मिशा काढून बाई व्हायचे आणि परदेशी मंडळींनी येऊन हसवायचे, हे दोन्ही उसने कारभार दादासाहेबांनी एकाच खेळात संपवले.

चॅप्लिनच्या आधी

विनोद आणि सिनेमा यांचे नाते तसे सिनेमाइतकेच जुने. पॅरिसमध्ये २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून पहिला खेळ केला, त्यातच बागेला पाणी घालणाऱ्या माळ्याची फजिती होती. एक पोर नळीवर पाय ठेवते, पाणी बंद होते, माळी नळीच्या तोंडात डोकावतो आणि पोर पाय उचलते. मिनिटभराचीही ती फिल्म नाही, पण आजही लहान मूल ती पाहून हसते. त्यानंतर फ्रान्समध्ये मॅक्स लिंडर नावाच्या नटाने रुबाबदार टोपीवाल्याच्या फजितीवर अख्ख्या युरोपला हसवले, आणि अमेरिकेत १९१२ साली कीस्टोन कंपनी निघाली.

त्याच कीस्टोनचा चार्ली चॅप्लिनला घेऊन केलेला पहिला चित्रपट २ फेब्रुवारी १९१४ रोजी बाहेर पडला, आणि ढगळ विजार, काठी आणि टोपी घातलेला तो भटक्या त्याच आठवड्यात पडद्यावर आला. तारखा जुळवून पाहा. नाशिकहून निघालेले ‘पिठाचे पंजे’ मुंबईच्या पडद्यावर उमटले तेव्हा जगाने चार्लीचे तोंडसुद्धा पाहिले नव्हते. याचा अर्थ दादासाहेब चॅप्लिनपेक्षा मोठे विनोदवीर होते असा नाही. तसे म्हणणे हाच एक विनोद होईल. अर्थ एवढाच की जगात हसवण्याचा हा नवा धंदा सुरू होत होता तेव्हा आपण पंगतीत उशिरा येऊन बसलेलो नव्हतो. पहिल्या वाढीलाच आपले पान मांडलेले होते.

मग ते पान उचलले कुणी? १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. दादासाहेब तेव्हा आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले होते. तिथे त्यांचे कौतुक झाले, पण परत आले ते भांडवल आटलेल्या घरी. मोठे चित्रपट काढायला पैसा नाही म्हणताना त्यांनी छोटे काढले. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या, ‘लक्ष्मीचा गालिचा’मध्ये नाण्यांकडून खेळ करवून घेतला, प्रोफेसर केल्फाला पुन्हा बोलावून जादू दाखवली. खिशात नाणी नसताना नाण्यांनाच कामाला लावणारा कर्जदार माझ्या उभ्या नोकरीत मला भेटला नाही.

१९१७ साली ‘लंका दहन’ आला आणि नाण्यांचा पाऊस पडला. मद्रासला गल्ला बैलगाडीतून न्यावा लागला, असे सांगतात. त्यानंतर पैसे घालणारे भेटले, कंपनी निघाली आणि धंद्याने आपला कौल दिला. देवांचे चालते, तेव्हा देवच काढा. छोट्या गमती मागे पडल्या.

नाव उरते

मूकपटांच्या काळात आपल्या देशात सुमारे तेराशे चित्रपट निघाले. त्यातले अर्धेमुर्धे धरूनही आज तीसच्या आसपास शिल्लक आहेत. ती फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी, दमट हवेत विरघळणारी. शिवाय तिच्यात चांदीचा अंश. खेळ जुना झाला की रिळे विकायची आणि ती जाळून-धुऊन चांदी काढायची, हा एक धंदाच होता. चांदीचा भाव माणसाला लगेच कळतो, हसण्याचा भाव कळायला शंभर वर्षे लागतात. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून मिळेल ते गोळा केले. पण ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि नायट्रेटची पुष्कळ रिळे तीत गेली. बंगाल्यांचा ‘जमाईबाबू’ हा १९३१ चा विनोदी मूकपट बचावला आहे. आपले ‘पिठाचे पंजे’ मात्र कुठल्याही थेटरात लागत नाहीत.

नाव तेवढे उरते. आमच्या सीताबर्डीवरच्या व्हरायटी चौकातून रोज हजारो माणसे जातात. एका थेटरावरून पडलेले ते नाव. ‘व्हरायटी’ म्हणजे तरी काय, तर एका तिकिटात थोडे नृत्य, थोडी कसरत, थोडी नक्कल आणि एक चित्रपट. कॉरोनेशनमधल्या त्या खेळासारखाच एक खेळ. सिग्नलला थांबलेल्या रिक्षावाल्याला हे माहीत असण्याचे कारण नाही, पण चौकाने तो शब्द सांभाळून ठेवला आहे.

मात्र दादासाहेबांचे हसू अगदीच हरवले, असे म्हणवत नाही. मराठीत मास्टर विनायकांचा ‘ब्रह्मचारी’ १९३८ साली आला, मग दादा कोंडके आले, मग ‘अशी ही बनवाबनवी’ आला. २००९ साली परेश मोकाशी यांनी फाळक्यांवरच ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ काढला, तो रडका न काढता हसता-खेळता काढला, आणि मला वाटते दादासाहेबांची वृत्ती त्यांनी बरोबर ओळखली.

आणि खुद्द दादासाहेबांच्या हातचे पाहायचे असेल, तर १९१९ चा ‘कालिया मर्दन’ बऱ्याच अंशी शिल्लक आहे. त्यात कृष्णाचे काम त्यांच्या मुलीने, जेमतेम सात वर्षांच्या मंदाकिनीने केले आहे. यमुनेच्या डोहातला कालिया त्यात आहेच. पण त्याआधी गोकुळातल्या खोड्या आहेत. सवंगड्यांतल्या एकीच्या अंगावर पाणी उडवणाऱ्या बाईच्या घरात ही पोरे शिरतात आणि तिचे लोणी फस्त करतात. देवाच्या चित्रपटाला जोड म्हणून वेगळी गंमत काढणे परवडेना, तेव्हा दादासाहेबांनी गंमतच देवाच्या चित्रपटात नेऊन ठेवली. पीठ गेले, लोणी आले. माखलेले हात तेच.

दरवर्षी ३ मे ला दादासाहेबांच्या तसबिरीला हार घातले जातात, भाषणे होतात. यंदा एखाद्या फिल्म सोसायटीने, एखाद्या शाळेने तो हार घालून झाल्यावर पडदा टांगावा, पेटी-तबल्याची साथ घ्यावी आणि मुलांना ‘कालिया मर्दन’ दाखवावा. आधी भाषण नको. मुले मंदाकिनीच्या खोड्यांना हसतात की नाही, तेवढे पाहावे. माझा अंदाज आहे, हसतील. आणि त्या हसण्यात निम्मे तरी ‘पिठाचे पंजे’चे असेल.